सीडी अडकू नये म्हणून: डीव्हीडीचा बिटरेट कसा ठरवायचा

बेळगावात शहापूरला माझं शूटिंग-मिक्सिंगचं दुकान आहे. लग्न, मुंज, वास्तुशांत, गावची लक्ष्मी यात्रा, ज्ञानेश्वरी पारायण, जे येईल ते करतो. शिवाय जुन्या कॅसेटी डिस्कवर उतरवून देण्याचं काम बारा महिने चालू असतं. पेनड्राइव्ह मागणारे वाढले, हे खरं. पण जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला गेलात तर पावसाळ्यात नेटचा भरवसा नसतो, आणि पेनड्राइव्हचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे: घरातला कुणीतरी पोरगा त्यात गाणी भरतो आणि थोरल्या बहिणीचं लग्न पुसून टाकतो. डिस्कवर तेवढी तरी कुणाला मुभा नसते. म्हणून अजून गिऱ्हाईक म्हणतं, "पेनड्राइव्ह द्या, पण एक सीडी पण काढून ठेवा." आमच्याकडं डीव्हीडीलाही लोक सीडीच म्हणतात.

ती सीडी घरी नेली आणि सप्तपदीला अडकली की फोन येतो. "अहो, सीडी अडकायलीय की हो. आमच्या प्लेअरवर बाकीचं सगळं चालतंय, तुमचीच अडकायलीय." गिऱ्हाइकाचं बरोबर असतं. बाजारातल्या सिनेमाच्या डिस्का त्याच प्लेअरवर सुरळीत चालतात, आणि आपण राइट केलेली थांबते. त्याची कारणं दोनतीन असतात, आणि त्यातलं सगळ्यात सहज हातात असलेलं कारण म्हणजे बिटरेट, म्हणजे चित्र-आवाजाच्या एका सेकंदाला किती बिट खर्च होतात तो आकडा. या धंद्यात नव्याने येणारी मुलं तिथंच चुकतात. सॉफ्टवेअरमध्ये 'उत्तम दर्जा' दिसला की ते दाबून मोकळी होतात.

माझं म्हणणं एवढंच आहे: बिटरेट ठरवायचा तो आपल्या दुकानातल्या संगणकाकडं बघून नव्हे, तर गावातल्या सगळ्यात दुबळ्या प्लेअरकडं बघून. आणि सरासरीपेक्षा वरच्या मर्यादेची काळजी जास्त घ्यायची.

आधी वरची मर्यादा

डीव्हीडीच्या नियमात चित्राला जास्तीत जास्त ९.८ मेगाबिट प्रतिसेकंद आणि चित्र, आवाज, सबटायटल सगळं मिळून १०.०८ मेगाबिट एवढी परवानगी आहे. प्लेअर एक पट वेगानं डिस्क फिरवतो तेव्हा त्यातून ११.०८ मेगाबिट येतात. म्हणजे तुम्ही नियमाच्या टोकाला गेलात तर प्लेअरच्या हातात शिल्लक राहतो जेमतेम एक मेगाबिट. तेवढ्यात त्याला ओरखडा सोसायचा, बोटाचे ठसे सोसायचे, लेन्सवर बसलेली धूळ सोसायची, आणि एखादी जागा वाचता आली नाही तर परत मागं येऊन वाचायची.

प्लेअरमध्ये एक छोटा साठा असतो, बफर म्हणतात तो. ज्या गल्लीत नळ दोनतीन दिवसांनी येतो तिथं लोक घरावर टाकी बसवतात, तसलाच प्रकार. नळ बंद असला तरी टाकीतलं पाणी चालतं, पण किती वेळ चालेल ते खाली किती तोट्या उघड्या आहेत त्यावर. समजा साठ्यात ४ मेगाबिट आहेत. डिस्क ८ मेगाबिटनं चालली असेल तर अर्ध्या सेकंदात साठा संपतो. ४ मेगाबिटनं चालली असेल तर तोच साठा पूर्ण सेकंदभर पुरतो, आणि तेवढ्यात लेझरला ती जागा आणखी एकदोनदा वाचून बघता येते. शिवाय गाडी परत रुळावर आल्यावर साठा भरून काढायलाही कमी बिटरेटला मोकळीक जास्त असते. अडकणं आणि न अडकणं यातला फरक बहुतेक वेळा इतकाच असतो.

मग बाजारातली सिनेमाची डिस्क तेवढ्याच बिटरेटला का चालते? ती छापलेली असते, तिच्यात खड्डे साच्यातून उठवलेले असतात. आपली डिस्क रंगाच्या थरावर लेझरनं भाजलेली असते. नवी असताना ती चांगला प्रकाश परतवते, पण रायटर, डिस्कचा दर्जा आणि राइट करण्याचा वेग यावर चुकांचं प्रमाण हलतं, आणि उन्हात, उकाड्यात ठेवली की तो रंग उतरतो. परत-परत लिहिता येणारी आरडब्ल्यू डिस्क तर गिऱ्हाइकाला देऊच नका. छापलेली एक थराची डिस्क ४५ टक्क्यांच्या वर प्रकाश परतवते, आरडब्ल्यू साधारण १८ ते ३० टक्के. दहा वर्षं चाललेल्या लेझरला ते झेपत नाही.

म्हणून माझ्या दुकानात चित्राची वरची मर्यादा ८ मेगाबिट, म्हणजे ८००० केबीपीएस. गिऱ्हाईक म्हातारं असेल, प्लेअर जुना आहे असं कळलं असेल, तर ७०००. नऊ कधीच नाही. नऊ आणि आठमधला फरक ५७६ ओळींच्या चित्रात घरातल्या टीव्हीवर कुणाला ओळखू येत नाही. मी लोकांना न सांगता दोन्ही दाखवून बघितलंय.

काही फुकटची साधनं इथं थोडी जास्तच उदार आहेत. एफएफएमपेगला 'पाल डीव्हीडी' (पाल म्हणजे आपल्याकडची टीव्हीची पद्धत) असं लक्ष्य सांगितलं की ते सरासरी ६००० आणि कमाल ९००० धरतं, आवाजाला ४४८. नियमात बसतं ते, त्यात चूक काही नाही. पण कमाल हातानं ८००० वर आणा आणि आवाज २२४ किंवा २५६ वर. सॉफ्टवेअरमधला बफरचा आकडा (हा वरच्या टाकीचा नव्हे) मात्र आहे तसा राहू द्या, तो डीव्हीडीच्या नियमानुसार १८३५ केबिट एवढाच असतो.

मिनिटांचा हिशोब

डिस्कच्या डब्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं आणि संगणक ४.३७ दाखवतो. कंपनी फसवत नाही, मोजण्याची पद्धत वेगळी आहे, एवढंच. आपल्याला काठोकाठ भरायचंच नाही, त्यामुळे एक सोपा आकडा पाठ करून ठेवा: ६००. सहाशेला कार्यक्रमाच्या मिनिटांनी भागा, येईल तो चित्र आणि आवाज मिळून मेगाबिटमधला सरासरी बिटरेट. त्यातून आवाजाचा वजा करा, उरला तो चित्राचा. या हिशोबानं डिस्कवर ४.५ जीबीच्या आसपास भरतं, संगणकाच्या भाषेत ४.१९. मेनूला जागा राहते आणि बाहेरची कडा रिकामी राहते. ती कडा रिकामी का ठेवायची ते पुढं येईलच.

दोन खरी उदाहरणं घेऊ. लग्नाचं मिक्सिंग एक तास पन्नास मिनिटांचं झालं, म्हणजे ११० मिनिटं. सहाशे भागिले एकशेदहा, ५.४५. आवाजाचे पाव मेगाबिट काढले की ५.२ उरतात. झकास. याच्यात हळद, मांडव, वरात सगळं व्यवस्थित बसतं.

दुसरं, एक तासाची मुंज. सहाशे भागिले साठ म्हणजे दहा. इथं नवखा मुलगा खूश होतो, सगळी जागा आपलीच आहे म्हणून. पण दहा टाकायचे नाहीत, आठच टाकायचे आणि डिस्क पाऊणच भरू द्यायची. उरलेली जागा वाया गेली असं समजू नका. गिऱ्हाइकाला रिकामी जागा दिसत नाही, अडकलेली दिसते. सत्तर मिनिटांपर्यंतच्या कामाला मी सरळ एकसारखा बिटरेट ठेवतो, सीबीआर, साडेसात ते आठ हजार. तिथं दोनदा एन्कोड करत, म्हणजे चित्र दाबून डीव्हीडीच्या साच्यात बसवत, बसण्यात वेळ घालवण्याचं कारण नाही.

पंचाहत्तर मिनिटांच्या वर गेलं की व्हीबीआर, म्हणजे बदलता बिटरेट, आणि तेही दोन फेऱ्यांचं. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअर कुठं किती हालचाल आहे ते बघून घेतं, दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणं बिट वाटतं. वेळ दुप्पट लागतो. रात्री लावून घरी जा. फक्त मधे करंट गेला तर सकाळी परत पहिल्यापासून, म्हणून यूपीएस असू द्या, आमच्याकडं पावसाळ्यात तर हवाच. व्हीबीआरमध्ये तीन आकडे भरावे लागतात. कमाल ८०००, सरासरी वरच्या हिशोबानं जो येईल तो, आणि किमान दीड-दोन हजार. किमान शून्यावर सोडलं तरी चालतं म्हणतात, पण काही जुने प्लेअर स्थिर फोटोच्या भागात अचानक बिटरेट पडला की दचकतात, असा माझा अनुभव आहे.

आवाजात मुरलेले बिट

हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. काही सॉफ्टवेअर आवाज पीसीएममध्येच, म्हणजे न दाबता, सोडतात. स्टिरिओ पीसीएम म्हणजे १५३६ केबीपीएस, दीड मेगाबिट! चित्र ८ आणि आवाज दीड, झाले साडेनऊ, आणि तुम्ही म्हणणार मी तर आठच ठेवला होता. लग्नातला आवाज म्हणजे सनई, भटजींचा माइक आणि लोकांचा गलका. त्याला एसी-३ मध्ये, म्हणजे दाबलेल्या आवाजात, २२४ भरपूर होतात. भजनाचा, नाट्यसंगीताचा कार्यक्रम असेल, पेटी-तबल्याचा आवाज नीट यायला हवा असेल, तर २५६ किंवा ३२० ठेवा. नमुना दर ४८ किलोहर्ट्झच हवा, गाण्याच्या सीडीवरून घेतलेलं ४४.१ असेल तर बदलून घ्या.

पीसीएम सोडून एसी-३ घेतला की सव्वा मेगाबिट वाचतो. दोन तासांच्या कार्यक्रमात तो सव्वा मेगाबिट चित्राला मिळाला तर डोळ्याला दिसतं.

बिट कोण खातं

डीव्हीडीवर चित्र एमपेग-२ पद्धतीनं दाबतात. तिची रीत अशी की मागच्या चौकटीत (फ्रेममध्ये) जे आहे ते परत लिहायचं नाही, बदललं तेवढंच लिहायचं. भटजी बसून मंत्र म्हणताहेत, कॅमेरा स्टँडवर आहे, मागं मखर स्थिर आहे. अशा सीनला दोन-तीन मेगाबिट पुरतात. कीर्तनकार उभे आहेत, मागं टाळकरी डुलताहेत, साडेतीन-चार.

आता लक्ष्मी यात्रेचा रथ घ्या. हजारो माणसं, सगळी हलणारी, आणि वरून भंडारा उधळलेला. हवेत पसरलेली पिवळी पूड ही एन्कोडरची सगळ्यात मोठी शत्रू आहे. तिच्यातला एकही कण मागच्या चौकटीत होता तिथं नसतो, आणि सगळं धूसर असल्यामुळे कडाही सापडत नाहीत. आठ मेगाबिट टाकले तरी तिथं चित्र थोडं फुटणारच. सौंदत्तीच्या यल्लमाच्या जत्रेचं शूटिंग असलं की तीच गत. गोकाकच्या धबधब्यासमोर नवरा-नवरीला उभं करून काढलेला आउटडोअर सीन, त्यातलं पाणीही तसंच. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत झगमगती लायटिंग आणि डॉल्बीसमोर नाचणारी पोरं. अक्षता टाकतानाचा क्षण, वर फोटोग्राफरचे फ्लॅश. प्रत्येक फ्लॅशला पूर्ण चौकट बदलते.

याच जागी डिस्का अडकतात, हे लक्षात घ्या. कारण बिटरेट तिथंच कमाल मर्यादेला टेकतो. कमाल नऊ-साडेनऊ ठेवली असेल तर बाकी तासभर डिस्क गुणी बाळासारखी चालेल आणि नेमकी अक्षतांना थांबेल, जिथं सगळं घर टीव्हीसमोर बसलेलं असतं.

अशा कामाला शूटिंगमध्येच थोडी तजवीज करता येते. उधळणीच्या वेळी कॅमेरा फिरवू नका, झूम मारू नका, एका जागी धरा. कॅमेरा आणि माणसं दोन्ही हलली की एन्कोडरला धरायला काही उरत नाही. मिक्सिंगमध्ये नवरा-नवरीच्या फोटोवर चांदण्या, पाकळ्या पाडणारे इफेक्ट टाकतात ना, तेही बिट खातात. गिऱ्हाइकाला आवडतात म्हणून मी टाकतो, पण सीन लांबवत नाही. आणि डिझॉल्व्ह, म्हणजे एक सीन विरत दुसरा उमटतो ते, फार लांब ठेवू नका, एक सेकंद पुष्कळ झाला.

दुसरा खादाड म्हणजे अंधार. कार्यालयात दिवे कमी, कॅमेऱ्याचा गेन वाढलेला, सगळ्या चित्रात मुंग्या. त्या मुंग्या प्रत्येक चौकटीत नव्या जागी असतात आणि एन्कोडर बिचारा त्यांना हालचाल समजून बिट वाटत बसतो. हलका नॉइज रिडक्शन मारा. हलका म्हणतोय, नाहीतर शालूचं जरीकाम पुसून जातं आणि नवरीची आई तुम्हाला सोडणार नाही.

तीन तासांचं पारायण

खानापूरच्या बाजूला पारायणाची समाप्ती, काल्याचं कीर्तन, दिंडी असं सगळं मिळून तीन तासांचं काम सहज होतं. सहाशे भागिले एकशेऐंशी, ३.३३. आवाज काढल्यावर ३.१. पूर्ण ७२० बाय ५७६ चित्राला हे अपुरं आहे, दिंडीत चौकोन दिसायला लागतात, आणि आताच्या मोठ्या एलईडी टीव्हीवर ते जास्तच दिसतात.

दोन वाटा आहेत. पहिली, दोन डिस्का द्या. मी हीच सुचवतो. एक कीर्तनाची, एक दिंडीची. गिऱ्हाईक तयार नसेल तर दुसरी वाट, चित्र ३५२ बाय ५७६ करा. याला हाफ डी-वन म्हणतात, डीव्हीडीच्या नियमात बसतं, सगळे प्लेअर घेतात. आडवा तपशील निम्मा होतो, पण साडेतीन हजारांच्या खाली फुटलेल्या पूर्ण चित्रापेक्षा हे किंचित मऊ चित्र बरं दिसतं.

जुन्या व्हीएचएस कॅसेटींना तर मी पहिल्यापासून हाफ डी-वनच वापरतो. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील साधारण २४० ओळींचाच असतो, ७२० बिंदूंत पसरून काही मिळत नाही. ३५२ बाय ५७६ ला तीन मेगाबिट दिले की तीन तासांची कॅसेट एका डिस्कवर येते आणि बिटरेट कमी असल्यामुळं कुठल्याही प्लेअरवर चालते. कॅसेटीच्या चित्रात खालच्या कडेला एक थरथरती पट्टी येते. जुन्या पिक्चरट्यूबच्या टीव्हीत ती चौकटीमागं लपायची, नव्या टीव्हीत दिसते. तिच्यावर काळी पट्टी टाका. काळ्या स्थिर पट्टीला बिट जवळपास लागत नाहीत, शिल्लक राहिलेले बिट बाकीच्या चित्राला मिळतात.

दोन थरांची ८.५ जीबीची डिस्क हा तिसरा उपाय कुणी सांगेल. राइट करायची असेल तर माझा सल्ला एकच: नको. महाग आहे, आणि थर बदलण्याच्या जागी जुने प्लेअर अडखळतात.

बिटरेटचा दोष नसताना

कधी कधी चित्र थांबत नाही, फुटत नाही, पण हालचाल झटके खात होते, हात हलला की कडांना दात येतात. बिटरेट वाढवून काही होणार नाही. फील्ड ऑर्डर उलटी झालेली असते. एक चौकट दोन अर्ध्या चित्रांची बनते, एकाआड एक ओळींची; त्यांना फील्ड म्हणतात, आणि कुठलं आधी दाखवायचं ती ऑर्डर. मिनी डीव्ही कॅमेऱ्यात खालचं फील्ड आधी असतं, नंतरच्या एचडी कॅमेऱ्यांत वरचं. एका लग्नात दोन कॅमेरे असले की घोळ ठरलेला. प्रत्येक क्लिपचं आधी बघून घ्या आणि टाइमलाइनवर एकच ठेवा.

मोबाइलचं शूटिंग आलं की आणखी एक भानगड. मोबाइल सेकंदाला ३० चौकटींनी घेतो आणि तोही दर मधेच बदलत राहतो. आपली डीव्हीडी पाल, २५ चौकटींची. आधी स्थिर २५ चौकटींत बदलून घ्या, मग टाइमलाइनवर आणा, नाहीतर आवाज ओठांच्या मागं पडत जातो. अमेरिकेतल्या मुलासाठी डिस्क मागितली तर तिकडं एनटीएससी चालतं. पाल डिस्क तिकडच्या पुष्कळ प्लेअरवर चालत नाही. त्याला फाइल पाठवा, सोपं.

जीओपीची लांबी, म्हणजे किती चौकटींनी पूर्ण चित्र परत लिहायचं, ती पालमध्ये १५ च्या आत हवी. मी १२ ठेवतो. बास, त्यात आणखी खोलात जाण्यासारखं काही नाही.

मेनूत मराठी, कन्नड जे हवं ते लिहा, तो शेवटी चित्रच असतो. आमच्याकडं लग्नात एक बाजू कन्नड बोलणारी असली तर दोन्ही भाषांत नावं घालतो. पण डिस्कला जे नाव देता ते इंग्रजी कॅपिटल अक्षरांत, जागा न सोडता. देवनागरी नाव दिलं तर काही प्लेअर डिस्क ओळखायलाच नकार देतात.

राइट करताना

चांगली कोरी डिस्क घ्या. पन्नासच्या गठ्ठ्यात मिळणारी बिननावाची स्वस्त डिस्क दोन रुपये वाचवते आणि गिऱ्हाईक घालवते. जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी-आर ही जात सगळ्यात सोयीची. प्लस-आर असेल तर रायटरमध्ये बुकटाइप (डिस्कची जात सांगणारी नोंद) डीव्हीडी-रॉम करता आला तर करा, प्लेअर तिला छापलेली समजतो.

१६ पटीच्या डिस्कवर मी ८ पटीनं राइट करतो. अगदी हळू केलं की जास्त चांगलं, हा समज खरा नाही; हल्लीच्या डिस्का एक-दोन पटीसाठी बनवलेल्याच नसतात. फायनलाइज केल्याशिवाय, म्हणजे लेखन कायमचं बंद केल्याशिवाय, डिस्क बाहेर काढू नका. इमगबर्नसारख्या सॉफ्टवेअरमध्ये राइट झाल्यावर पडताळणी करण्याची खूण असते, ती लावूनच ठेवा.

राइट आतल्या वर्तुळापासून बाहेर होत जातं. बाहेरच्या कडेला डिस्क जास्त हेलकावते, बोटांचे ठसे तिथंच लागतात, आणि स्वस्त डिस्कचा रंगाचा थरही तिथंच पातळ असतो. काठोकाठ भरलेली डिस्क म्हणून शेवटच्या दहा मिनिटांत, पाठवणीच्या वेळी, थांबते. सहाशेच्या हिशोबात ती कडा रिकामी सोडली ती यासाठी. वर कागदी स्टिकर चिकटवू नका, तोल जातो आणि आमच्या पावसाळी हवेत कोपरा सुटतो. सीडीसाठीच्या मार्करनं नाव लिहा, किंवा छापता येणारी पांढऱ्या पाठीची डिस्क घ्या.

चाचणी

दुकानात एक जुना, थोडा कटकट करणारा प्लेअर मुद्दाम ठेवा. नवा घेऊ नका, नव्यावर सगळंच चालतं. डिस्क त्यात घाला आणि सुरुवात बघत बसू नका. सुरुवात सगळ्यांची चालते. आधी जिथं सगळ्यात जास्त गर्दी, उधळण, फ्लॅश आहे तो भाग लावा, मग शेवटची पाच मिनिटं. तिथं अडखळलं नाही तर पुडक्यात घाला.

तरी गिऱ्हाईक परत आलंच तर डिस्क हातात घेऊन पहिला प्रश्न विचारा: दर वेळी त्याच जागी थांबते, की कुठंही? कुठंही थांबत असेल तर त्यांच्या प्लेअरची लेन्स मळलीय किंवा थकलीय. त्याच जागी थांबत असेल तर खाली ओरखडा आहे का ते उजेडात बघा. ओरखडा नाही आणि ती जागा भंडाऱ्याची किंवा अक्षतांची असेल, तर बिटरेटची कमाल जास्त झालीय. शेवटालाच थांबत असेल तर कडा. चित्र फुटतंय पण थांबत नाही, असं असेल तर तीच डिस्क संगणकावर लावा. तिथंही तेवढंच फुटलं तर बिट कमी पडलेत, परत एन्कोड करावं लागेल. संगणकावर स्वच्छ दिसलं तर एन्कोडिंग ठीक आहे, वाचण्यात अडचण आहे. दुसऱ्या कंपनीच्या डिस्कवर परत राइट करून द्या.

त्यासाठी प्रत्येक कामाची तयार आयएसओ फाइल (पूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रत) वर्षभर तरी हार्डडिस्कवर ठेवा. गिऱ्हाईक चहा घेईपर्यंत दुसरी डिस्क निघते. कमाल बदलून परत एन्कोड करायची वेळ आली तर प्रोजेक्टची मूळ फाइलही लागेल, तीही पुसू नका, आणि या वेळी कमाल ७००० वर ठेवा, सरासरी पाच हजारांच्या वर जाऊ देऊ नका.